डायपर ते बारावी, व्हाया समुद्र

इंदूरला समुद्र नाही ही गोष्ट आम्ही इंदूरकरांनी कधी मनाला लावून घेतली नाही. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आणि मुंबईपासून रस्त्यानं जवळपास सहाशे किलोमीटर आत राहणाऱ्या माणसानं जहाजाचा विचार करावा तरी कशाला? होळकर ओळखले गेले ते घोडदळासाठी, आरमारासाठी नव्हे. आमचा पाण्याशी संबंध नळापुरता. नळ मात्र साधासुधा नाही. 1978 पासून जलूदहून नर्मदा पाइपात बसते, विंध्याचा चढ चढते आणि आमच्या बादलीत उतरते. त्या पाण्यानं आम्ही आंघोळ करतो, मग ते कान्ह नदीतून क्षिप्रेत, क्षिप्रेतून चंबळेत, पुढं यमुना, गंगा असं करत बंगालच्या उपसागराला मिळतं. अरबी समुद्राकडं निघालेल्या नदीला वाटेत घरी बोलवायचं, साबण लावायचा आणि उलट्या समुद्राला पाठवून द्यायचं, हे काम आम्ही जवळजवळ पन्नास वर्षं बिनबोभाट करत आहोत. आमच्या आंघोळीचं पाणी एवढं फिरलेलं, आणि आम्ही मात्र रतलामच्या पुढं गेलो की डबा उघडून बसणारी माणसं.

आमचं घर राजेंद्रनगरात. खाली अण्णा आणि आई, मधल्या मजल्यावर दादा आणि वहिनी, सगळ्यात वर आम्ही. दादाचं लग्न वेळेवर झालं. माझं जुळलं तेव्हा पत्रिका पाहणारे गुरुजी निवृत्तीच्या बेतात होते. परिणामी एकाच घरात बालवाडी आणि ज्युनियर कॉलेज दोन्ही चालतं. दादाची लेक सतरा वर्षांची, बारावीत. ती भंवरकुआंच्या क्लासला जाते आणि घरी मुख्यतः चार्जर शोधायला येते. तिचा भाऊ चौदाचा. तो घरीच असतो, पण दार लावून. आमची मुलगी चार वर्षांची, तिला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असतं. धाकटा दीड वर्षाचा, त्याला प्रत्येक गोष्ट तोंडात हवी असते. या चौघांना एकाच वेळी बरं वाटेल अशी जागा जमिनीवर नाही, हे आम्ही मांडू, पचमढी आणि उज्जैन इथं तपासून पाहिलेलं होतं. उरलं पाणी.

क्रूझची कल्पना घरात आली ती वहिनींच्या किटीतल्या एका मैत्रिणीच्या स्टेटसवरून. फोटोत ती, तिचा नवरा आणि मागं निळं पाणी. वहिनींनी फोटो दोन बोटांनी मोठा करून चारही कोपरे तपासले. या बाईंना दोन मुलं आहेत, आणि फोटोत मुलं कुठंच नव्हती.

"मुलं कुठंयत विचारलं," वहिनी म्हणाल्या. "म्हणाली, जहाजावर मुलांचा क्लब असतो. सकाळी सोडायची, जेवायच्या वेळी घ्यायची."

माझ्या बायकोनं हातातली वाटी खाली ठेवली. दोघी जावांचं एकमत होण्याचा प्रसंग आमच्या घरात क्वचित येतो. तो त्या क्षणी आला, आणि समुद्राला भरती-ओहोटी असते एवढंच माहीत असलेलं आमचं घर रात्री अकरा वाजता केबिनचे नकाशे पाहायला लागलं.

अण्णांनी आधी इतिहास काढला. त्यांचं आजोळ रत्नागिरीजवळचं, त्यामुळं घरात बोटीत बसलेला माणूस एकच. "आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसायचो," त्यांनी सुरुवात केली. "डेकचं तिकीट. डेकवर वळकटी पसरायची, ओकायचं आणि झोपायचं. रत्नागिरी आली की होडीत उतरायचं. याला आम्ही क्रूझ म्हणत नव्हतो. याला आजोळी जाणं म्हणत होतो."

अण्णांचं म्हणणं खोडून काढणं अवघड होतं. ज्या किनाऱ्यानं कोकणातला चाकरमानी ट्रंक आणि वळकटी घेऊन गेला, त्याच किनाऱ्यानं ऑक्टोबर 2018 मध्ये 'आंग्रिया' नावाची मुंबई-गोवा क्रूझ निघाली. 2021 च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' आलं. हे जहाज 1990 सालचं. आधी परदेशात नावं बदलत फिरलं आणि मग मुंबईला लागलं. "म्हणजे तुझ्याच वयाचं," असं मी बायकोला म्हणालो. त्यानंतर जहाजाच्या वयाचा विषय घरात कोणी काढला नाही.

आईचं जलप्रवासाचं माप वेगळंच. तिच्या थोरल्या बहिणीनं नर्मदा परिक्रमा पायी केलेली. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नाही असा दंडक, पण नदी जिथं समुद्राला मिळते तिथं दक्षिण तीरावरून उत्तर तीरावर जायचं तर बोटीला पर्याय नाही. दक्षिणेकडून बसायचं, भरतीची वेळ साधून बोट सुटते आणि काही तासांनी मिठी तलाईला पोचवते. बोटीत दाटीवाटीनं परिक्रमावासी, तोंडी 'नर्मदे हर'. "ताईनं एवढा समुद्र केला," आई म्हणाली, "आणि एक पैशाचा क्लब लागला नाही." माळव्यातल्या मराठी माणसाची परंपरेनं आलेली सागरी सफर म्हणाल तर ती हीच. तिच्यात वायफाय नाही, केबिन नाही, आणि मुख्य म्हणजे डायपरातलं मूल नाही.

शेवटी दादा आणि मी पलासियाच्या एका टूरवाल्याकडं गेलो. दादानं जाताना वहीत प्रश्न लिहून नेले होते: जहाज किती मोठं, मजले किती, बंदरं कोणती. टूरवाल्यानं वही बघितलीसुद्धा नाही.

"भिया, जहाज बाद में," तो म्हणाला. "पहले बच्चों की उमर बताओ."

पुढचा तासभर त्यानं जे सांगितलं त्यानं आमच्या डोक्यातला क्रूझचा नकाशा पार फिरवला. आमची समजूत अशी की जहाज मजल्यांमध्ये विभागलेलं असतं. ते वयांमध्ये विभागलेलं असतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ बहुतेक कंपन्या चढवतच नाहीत, आणि मध्ये बंदर न लागणाऱ्या लांबच्या सफरींना ही अट वर्षाची होते. मुलांचा क्लब साधारण तिसऱ्या वर्षापासून उघडतो. त्यातही मूल शी-शू सांगणारं हवं. तीन पूर्ण आणि सांगणारं असेल तर स्वागत, साडेतीनचं आणि न सांगणारं असेल तर आईबापांजवळ. मोठ्या परदेशी जहाजांपैकी काहींवर सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना सांभाळणारी खोली असते. तिथं पैसे तासावर.

"और स्विमिंग पूल?" मी विचारलं.

"डायपर वाला बच्चा पूल में नहीं," तो म्हणाला. यात जहाजाची चूक नाही. समुद्राच्या मधोमध एका बाळानं तलावात आपला कार्यभाग उरकला की तलाव बंद करावा लागतो, पाणी शुद्ध करावं लागतं, आणि हजार-दोन हजार माणसं पोहण्याचे कपडे घालून त्या बाळाच्या आईकडं बघत उभी राहतात. काही मोठ्या जहाजांवर अशा बाळांसाठी वेगळं उथळ पाणी ठेवलेलं असतं. धाकट्याच्या वाट्याला त्यामुळं सफरीतलं एकच पाणी येणार होतं, केबिनच्या बाथरूममधलं. त्याला विचारलं असतं तर त्याची हरकत नव्हती. तो घरीही बादलीत तास काढतो आणि ओरडला तर बाहेर काढल्यावर.

वरच्या टोकाला असाच घोळ. बारा-तेरा ते सतरा वयाच्या मुलांना वेगळा क्लब, काही जहाजांवर त्याचेही दोन भाग: बारा ते चौदा एकीकडं, पंधरा ते सतरा दुसरीकडं. आईबापांना आत मज्जाव. ही बातमी घरी सांगितली तेव्हा आमची सतरा वर्षांची आणि चौदा वर्षांचा, दोघं एकाच वेळी खोलीबाहेर आले. आईबापांना मज्जाव असलेली जागा त्यांना पटली, आणि एकमेकांनाही मज्जाव आहे म्हटल्यावर तर फारच पटली.

या सगळ्या वाटणीत त्रेचाळीस वर्षांच्या माणसासाठी कोणता क्लब आहे, असं मी विचारलं. टूरवाला म्हणाला, "आपके लिए बार है, भिया." अण्णांसाठी आणि आईसाठी काय, हे दादानं विचारलं नाही. टूरवाल्यानंही सांगितलं नाही. जहाजानं सगळ्या वयांची सोय केली होती आणि आजी-आजोबांना गृहीत धरलं होतं. कारण सरळ आहे: दीड वर्षाच्या मुलाचा क्लब म्हणजे तेच.

मग केबिनचं गणित. आम्ही दहा जण, एका केबिनमध्ये जास्तीत जास्त चार. तिसऱ्या आणि चौथ्या माणसाचं तिकीट पहिल्या दोघांपेक्षा बरंच स्वस्त पडतं, हे कळल्यावर दादानं व्यवहाराचा मुद्दा काढला: "मग आपण सगळेच तिसरे-चौथे का होत नाही?" टूरवाला थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिला. ही सूचना त्याला आजवर कोणी केलेली नसावी.

केबिन तीन प्रकारच्या: बिनखिडकीची, खिडकीची आणि बाल्कनीची. सगळ्यांना बाल्कनी हवी होती, माझी बायको सोडून. "धाकटा हातात येईल ते खाली टाकतो," ती म्हणाली. "घरी चपला जातात खाली, शेजारी आणून देतात. तिथं कोण आणून देणार?" वर एक गोष्ट अशी कळली की जहाज कमीत कमी हलतं ते मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर, आणि बाल्कनीच्या महाग केबिन असतात वरच्या मजल्यांवर. जितके पैसे जास्त तितका झोका जास्त. समुद्र लागण्याची गोळी घ्यायची तर ती महागातल्यांनी आधी घ्यावी. बिनखिडकीच्या केबिनीची एक गुणवत्ता कुठल्याच जाहिरातीत छापलेली नसते: दिवा मालवला की आत मिट्ट काळोख. लहान मुलाला वाटतं रात्र आहे, आणि त्याचे आईबाप सकाळी नऊपर्यंत झोपू शकतात. माझ्या बायकोनं बिनखिडकीची केबिन तिथंच नक्की केली. समुद्र बघायला डेक आहेच, झोप बघायला मिळत नाही, असा तिचा हिशोब.

"लोअर बर्थ मिळेल ना?" आईचा प्रश्न. वरची बर्थ रात्री भिंतीतून बाहेर येते, हे तिला सांगितलं. "मग टीसी कधी येतो?" असं तिनं विचारलं.

सतरा वर्षांच्या मुलीला स्वतःची केबिन हवी होती. अठराच्या आतल्या मुलांनी मोठ्यांबरोबरच राहायचं, हा जवळजवळ सगळीकडचा नियम. ती म्हणाली, "मग मी अठराची झाल्यावर येते, तोवर तुम्ही जाऊन या." हे वाक्य तिनं रागानं म्हटलं होतं. ते पुढं फार खरं ठरणार होतं, पण त्याकडं नंतर येतो.

इंदूरच्या माणसाचा कुठलाही प्रवास ठरताना खरा निर्णय जेवणावर होतो. केबिनवर आम्ही अर्धा तास बोललो, जेवणावर दोन बैठका घेतल्या. पहिला प्रश्न पोह्यांचा. "पोहा मिलेगा क्या?" "सब मिलेगा, भिया." "सेव?" "मिलेगी." "जीरावन?" इथं टूरवाला गप्प झाला. खोटं बोलण्याचा त्याचा धंदा असेलही, पण तो इंदूरचाच होता आणि जिरावणाबद्दल, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या आमच्या मसाल्याबद्दल, खोटं बोलण्याइतका खाली उतरलेला नव्हता.

जहाजावर घरचं शिजवलेलं अन्न बहुधा चालत नाही. दुकानातलं बंद पाकीट बऱ्याच ठिकाणी चालतं. शेवेचे अर्धा-अर्धा किलोचे सीलबंद पुडे म्हणूनच यादीत सगळ्यात वर गेले, औषधांच्याही वर. विजेची किटली, इस्त्री, इंडक्शन ही मंडळी मात्र सुरक्षातपासणीत बाहेर निघतात. भर समुद्रात जहाजाला सगळ्यात मोठी भीती पाण्याची नसून आगीची असते. धाकट्याच्या खिमटीसाठी किटली घ्यायची असं आईचं ठरलं होतं. तिथं स्वयंपाकी मऊ वरण-भात करून देतात, जैन जेवणही देतात, हे ऐकून ती जरा सावरली. "कांदा-लसूण नसलेलं मिळतं ना? मग चातुर्मासातही जाता येईल," ती म्हणाली. चातुर्मासात अरबी समुद्र खवळलेला असतो आणि मुंबईची क्रूझ गेली काही वर्षं त्या दिवसांत पूर्व किनाऱ्याला चेन्नईला जाते, ही माहिती दादानं दिली. "बघ," आई म्हणाली, "समुद्रसुद्धा चातुर्मास पाळतो."

रात्री बारानंतरही जहाजावर काही ना काही खायला मिळतं, हे कळताच घरातला विरोध निम्मा मावळला. सोनारांची दुकानं मिटल्यावर जिथं सराफ्यात खाऊगल्ली उघडते, मध्यरात्री भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू खाऊन जे शहर झोपायला जातं, तिथल्या माणसाला दहा वाजता स्वयंपाकघर बंद करणारं जहाज चाललंच नसतं. "सगळं फुकट असतं!" चौदा वर्षांचा म्हणाला. "फुकट नाही," अण्णा म्हणाले, "आधीच घेतलेलं." आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला फुकट या शब्दाचा राग येतो.

अण्णांची खरी शंका बुडण्याची. टायटॅनिकचे आकडे त्यांना पाठ आहेत: 1912, दोन हजार दोनशेच्या वर माणसं, आणि बोटी 1,178 जणांपुरत्या. या अपघातानंतरच 1914 साली समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, हेही त्यांनीच आम्हाला सांगितलं. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याला कोस्टा कॉनकॉर्डिया आडवी झाली, त्यानंतर नियम आणखी कडक झाले. आता जहाज निघण्याआधीच प्रत्येक प्रवाशाला धोक्याच्या वेळी कुठं जमायचं, जॅकेट कसं घालायचं याची कवायत करावी लागते. बाळांच्या मापाची जॅकेटंही असतात. सक्तीची कवायत आहे म्हटल्यावर अण्णांचा चेहरा उजळला. दहा जणांचं आमचं कुटुंब आजवर कुठंही एका वेळी, एका जागी जमलेलं नाही, अगदी आरतीलाही नाही. जहाजाला ते जमणार असेल तर पाहायला यायलाच हवं, असं ते म्हणाले.

आणि मग आईनं तो प्रश्न विचारला जो फक्त इंदूरची बाईच टूरवाल्याला विचारू शकते: "कचरा कुठं टाकतात?"

समुद्रात प्लास्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय नियमानं बंदी आहे. खरकटं, प्लास्टिक, काच जहाजावर वेगवेगळं करून ठेवतात. 2017 पासून स्वच्छतेत सलग आठ वेळा देशात पहिल्या आलेल्या शहराच्या नागरिकांनी हे ऐकून मान डोलावली. ओला आणि सुका वेगळा करणारे लोक आहेत म्हणजे माणसं बरी असणार, असं आईनं जाहीर केलं. जहाजाच्या बाजूनं तिचं मत पडलं ते बाल्कनी, बुफे, नाचगाणी यांपैकी कशामुळंही नव्हे. कचऱ्याच्या डब्यानं काम केलं.

आता कुठली क्रूझ. चौदा वर्षांच्यानं प्रस्ताव मांडला 'आयकॉन ऑफ द सीज'चा: 2024 मध्ये अमेरिकेत मायामीहून निघालेलं, वीस मजल्यांचं, सहा घसरगुंड्यांचं. दहा जणांचे अमेरिकेचे व्हिसे काढायचे म्हटल्यावर दादानं तो प्रस्ताव घसरगुंडीवरूनच खाली सोडला. दुसरा पर्याय सिंगापूरचा. तिथून 'गेंटिंग ड्रीम'सारखी मोठी जहाजं मलेशिया-थायलंडकडं तीन-चार रात्रींच्या फेऱ्या करतात, आणि भारतीय शाकाहारी जेवण त्यांना नवं नाही. पण त्यासाठी दहा पासपोर्ट लागतात, आणि पासपोर्टच्या फोटोत दीड वर्षाच्या मुलानं पांढऱ्या पडद्यासमोर, डोळे उघडे ठेवून, तोंड मिटून सरळ बघायचं असतं. धाकट्यानं या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी केल्याचा पुरावा घरातल्या कोणाच्याही फोनमध्ये सापडला नाही.

तिसरा पर्याय लक्षद्वीप. पाणी निळंशार, फोटो उत्तम. पण मोठं जहाज अगत्तीच्या धक्क्याला लागत नाही. ते दूर उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटीत उतरून किनाऱ्याला जावं लागतं. अण्णा खूष झाले: "म्हणजे रत्नागिरीच!" हलत्या बोटीत एका हातानं दोर, दुसऱ्या हातात धाकटा आणि तिसऱ्या हातात 'बोट का हलते' विचारणारी चार वर्षांची, या चित्रात माझ्या बायकोला हात कमी पडत होते. लक्षद्वीप मागं पडलं.

चौथा पर्याय अण्णांचा, घरगुती. महेश्वरला घाटावरून नाव करावी, अहिल्याबाईंचा वाडा पाण्यातून बघावा आणि संध्याकाळी घरी यावं. नाहीतर हनुवंतियाला जावं. इंदिरा सागर धरणाचं ते पाणी इतकं अफाट आहे की पलीकडचा काठ दिसत नाही, मग समुद्र कशाला हवा? हे दोन्ही पर्याय स्वस्त, सोयीचे आणि खरोखर सुंदर आहेत. त्यांचा दोष एकच: तिथं मुलांचा क्लब नाही. वहिनींनी फोटो परत काढून दाखवला. अण्णा गप्प बसले.

उरली मुंबई-गोवा. पासपोर्ट नको, आधार पुरे. संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी मुंबई सेंट्रल, तिथून बॅलार्ड पिअरचं नवं क्रूझ टर्मिनल. दोन रात्री, तिसऱ्या दिवशी परत. सगळे तयार झाले तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला: कधी?

इथं त्या सतरा वर्षांच्या मुलीचं वाक्य आठवा. धाकटा तीन वर्षांचा आणि सांगणारा होईपर्यंत थांबावं, म्हणजे क्लबात जाईल, असा आमचा विचार. तोवर सतरावाली अठराची होऊन कुठल्या तरी दूरच्या कॉलेजात असेल. चौदाचा बोर्डाच्या परीक्षेला बसेल. त्याचं दहावीचं संपलं की लगेच अकरावीपासून क्लास. तो बारावी पार करेल तोवर आमची चार वर्षांची आठची होईल, धाकटा शाळेत, आणि अण्णा ऐंशीचे. उलट बाजूनं, सतरावालीची परीक्षा होईपर्यंत थांबावं तर बोर्ड, मग प्रवेशपरीक्षा, मग मे महिना, मग पावसाळा. दिवाळीच्या सुट्टीत सगळे मोकळे, म्हणून तिकिटं महाग. दिवाळीनंतर तिकिटं स्वस्त, पण सगळे शाळेत. दादानं वहीत कोष्टक काढलं. एका बाजूला डायपर, दुसऱ्या बाजूला बोर्ड, आणि या दोहोंच्या मधे सगळं घर मोकळं असेल असा महिना त्या कोष्टकात पुढची सहा वर्षं नव्हता. सातव्या वर्षी एक मिळाला, तर त्या वर्षी घरात कोण कोण राहत असेल हे सांगता येईना.

दादानं वही मिटली आणि दिवाळीच्या सुट्टीतली दोन रात्रींची तिकिटं काढली. महाग, तर महाग. अटी सगळ्यांच्या मान्य झाल्या. सतरावाली फिजिक्सची वही घेऊन येणार आणि ती उघडणार असं सगळ्यांनी मानायचं. चौदाच्याला जहाजाच्या वायफायचं पॅक, कारण किनारा दिसेनासा झाला की मोबाइलचं नेटवर्कही जातं आणि मग त्याला आमच्याशी बोलावं लागेल. चार वर्षांची क्लबात. धाकटा अण्णांकडं. वहिनी आणि माझी बायको यांनी मात्र एकच अट घातली: एक फोटो, दोघींचा, मागं निळं पाणी, आणि त्यात मुलं दिसता कामा नयेत.

क्रूझ काढण्याच्या विचारात असलेल्या घरांना म्हणूनच माझं सांगणं एवढंच. मजले आणि बाल्कन्या मोजत बसू नका. घरातल्या सगळ्यात धाकट्याचं आणि सगळ्यात फुरंगटलेल्याचं वय कागदावर लिहा आणि कंपनीला आधी तेवढंच विचारा. मुलांच्या क्लबचं वय, पोहण्याच्या तलावाचा नियम, केबिनमध्ये किती जण, हे तिकिटाआधी लेखी घ्या. पहिल्या खेपेला दोन रात्रींच्या पुढं जाऊ नका. केबिन मधली आणि खालची घ्या. बिनखिडकीची घेतलीत तर उरलेल्या पैशांत वायफाय येईल. किटली घरी ठेवा, शेव सीलबंद न्या, आणि जिरावण त्याच पिशवीत टाका. आणि सगळे मोकळे होतील त्या दिवसाची वाट बघू नका. तो दिवस येतो तेव्हा मुलं मोकळी झालेली असतात, आणि मग ती तुमच्याबरोबर कशाला येतील?